अठरा नंबर

सीताबर्डीच्या रविवारच्या ढिगातून
तीस रुपयांत आणला होतास तो शर्ट,
निळा, काखेत उसवलेला,
पाठीवर अठरा, आणि वर कोणाचं तरी नाव,
त्यातली दोन अक्षरं सुटून लोंबणारी.
मशीनची सुई रबरावर अडायची,
म्हणून मी ती हातानं शिवली, उलट्या बाजूनं,
त्यामुळे मला ते नाव आधी उलटंच पाठ झालं.
त्रेविझान.
कोण रे हा? तू म्हणालास, असंल कोणी.
मैदानावर पोट्ट्यांनी त्याचं तिरवेझान केलं,
मग नुसतं तिरू.
निरंजन गजभिये
फक्त रेशनकार्डावर उरला, आणि आईच्या रागात.

कामठीवाल्यांविरुद्धचा तो गोल:
उंचावरून आलेला चेंडू छातीवर घेतलास,
शर्टातून धूळ उडाली, गादी झटकल्यासारखी,
आणि खाली पडू न देताच मारलास.
जाळी नव्हती. चेंडू थेट नाल्यात.
गोल व्हायला दोन सेकंद,
चेंडू काढायला अर्धा तास.
तोवर अंधार पडला, रेफरी सायकल घेऊन निघून गेला.

परवा, तेवीस वर्षांनी,
डबा खाता खाता शोधला मी त्याला फोनवर.
ऊलिस्से त्रेविझान. फॉरवर्ड.
सतरा सीझन, अकरा क्लब.
वरच्या डिव्हिजनमध्ये सामने तीन, गोल शून्य,
त्यानंतर उसना. उसना. परत उसना.
पियाचेंझा, तेरनी, क्रोतोने.
तिकडे माणूसही उसना देतात म्हणे,
जशी आपण गावंडेकाकूंना मशीन द्यायचो
आणि परत यायची तेव्हा आत बॉबिन नसायची.
एका वर्षी नऊ गोल.
पुढची ओळ कोरी. गुडघा.
सगळं मांडून ठेवलेलं, मिनिटांसकट:
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बदली म्हणून उतरला.
त्याची तीन मिनिटंसुद्धा
कोणीतरी लिहून ठेवली आहेत.

म्हणून मापांची वही काढली,
छाती, कंबर, बाही खोडून
सामने, गोल, शेरा असे रकाने केले.
इंदोऱ्याचा क्लब, दोन सीझन.
गोल तू म्हणतोस एकवीस,
मोहननगरचा ऑगस्टिन म्हणतो चौदा.
रेल्वेची ट्रायल, अर्धा सामना.
गोल एक, ऑफसाइड.
लाइन्समन साहेबांचा साळा होता,
होता की नव्हता, आता काय.
बँकेकडून एक स्पर्धा, उसना,
दोनशे रुपये आणि बूट.
बूट परत घेतले.
गुडघा, डावा. त्याचा उजवा होता.
पुढे हिंगण्याची एमआयडीसी, फोर्कलिफ्ट,
ते कुठल्या रकान्यात लिहू कळेना, तसंच ठेवलं.

संध्याकाळी तुला त्याचा आत्ताचा फोटो दाखवला.
टक्कल, पोट, मागे फरशांचं दुकान.
तू चष्मा वर सरकवून
बराच वेळ पाहात राहिलास.
मला वाटलं, काहीतरी बोलशील.
"हेडर चांगला असंल याचा," म्हणालास,
"मान पाह्य ना कशी आहे."

रविवारी पहाटे तू पोरांसाठी चुना टाकतोस,
दोरी न धरता, तरी रेघ सरळ.
गोलपासून बारा पावलं, पाय किंचित ओढत,
मग वाकून एक चिमूट.
हात पुसायला तोच शर्ट, आता पोतेरं झालेला.
अठरा कधीच गळून गेले,
त्याचं नावही गेलं,
मी शिवलेली दोन अक्षरं तेवढी राहिली आहेत,
व्ही आणि आय, चुन्यानं पांढरी.

वहीत गोलांचा रकाना अजून रिकामा आहे.
ऑगस्टिनवर माझा विश्वास जास्त,
तो कीपर होता, त्याला आकडे लक्षात राहतात.
फक्त त्याला विचारायचं राहिलंय,
चौदात नाल्यातला धरलाय का.